आबा, शेणाच्या गवळणींचं कॉलेज

ती. आबांना,
धाकट्या सुनेचा पदर सावरून नमस्कार.

दचकू नका. होय, मीच, सुरेखा! लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून तुमच्यासमोर कधी तोंड उघडलं नाही, आणि आता एकदम पत्रच! पण करू काय? आज तुमचं वर्षश्राद्ध झालं. पंगती उठल्या, पाहुणे वडवणीच्या गाडीनं गेले, भांड्यांचा ढीग अजून न्हाणीत तसाच पडलाय. पडू दे. आज दुपारी अंगणात जे झालं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय माझा हात कशालाच लागायचा नाही.

पण आधी एक तक्रार ऐकून घ्या. आबा, जाताना तुम्ही नेमक्या किती जणांना शेवटची इच्छा सांगून गेलात?

चिंचेचं झाड तोडू नये ही तुमची शेवटची इच्छा होती, असं तात्या म्हणतात. तुमचे सख्खे चुलतभाऊ, त्यांना खोटं कसं म्हणायचं? तेच झाड तोडावं ही पण तुमचीच शेवटची इच्छा होती, असं तात्यांचा पोरगा म्हणतो. बांधावरून पाइप न्यायचा, ही तुमची इच्छा. न्यायचा नाही, हीसुद्धा तुमचीच! भावकीतल्या एकानं तर नवी मोटारसायकल तुमच्या इच्छेखातर घेतली म्हणे. अहो, शेवटी शेवटी तुम्हाला धड पाणी गिळवत नव्हतं, आणि एवढ्या इच्छा सांगायला दम कुठून आणलात?

बाकीच्या इच्छा मी हसण्यावारी नेल्या. एक मात्र घशात अडकली. थोरले भाऊजी वर्षभर सगळ्यांना सांगत होते, "आबानं मला सोता सांगितलंय. वैशूला फार्मसीला घालायची. मेव्हण्याचं कॉलेज हाय, घरचंच हाय, फी बी कमी लावंल."

माझ्या पोरीला, वैशूला! जिनं बारावी आर्ट्समधून केली! वर्षभर हे घरात कुणाच्या लक्षातच आलं नाही. मी ह्यांच्याकरवी भाऊजींना कळवलं, तर भाऊजी म्हणाले, "मग बीसीएला घालू. ती बी तिथंच हाय." मेव्हण्याचं कॉलेज म्हणजे किराणा दुकान झालं की हो, हे नसलं तर ते न्या!

आणि मला माहीत होतं की तुम्ही असं बोलला नव्हता. कारण तुम्ही काय बोलला होता ते मी ऐकलं होतं. पण ते तुम्ही मला सांगितलं नव्हतं, चंद्रीला सांगितलं होतं. तिथंच सगळी गोची झाली.

आपल्या घरची रीतच अशी! सुनेनं सासऱ्याशी बोलायचं नाही, सासऱ्यानं सुनेचं नाव घ्यायचं नाही. मग मधे म्हैस. तुम्ही गोठ्याच्या तोंडाशी उभं राहून खाकरायचा आणि म्हणायचा, "चंद्रे, आज आमटीत मिठाचं पोतं उपडं झालतं का गं?" मी आतून म्हणायचे, "चंद्रे, उद्यापासून हात आखडता घेते म्हणावं." तुम्हाला चहा पाहिजे असला तरी चंद्री, पाहुणे येणार असले तरी चंद्री. बिचारी म्हैस! दूध देऊ का निरोप देऊ, असं झालं होतं तिला. एकदा ती रानात चरायला गेली होती तर तुम्ही अख्खा दिवस बिनचहाचे बसलात. रागावू नका, पण त्या दिवशी मी आणि थोरल्या जाऊबाई चुलीपुढं पोट धरून हसलो होतो.

वैशूशी मात्र तुम्ही तोंडभरून बोलायचा. तिनं वसुबारसेला दारात शेणाच्या गवळणी मांडल्या की तुम्ही काठी टेकत यायचा आणि एकेकीची झडती घ्यायचा. बाकीच्या पोरी शेणाचे गोळे करून वर झेंडू खोचतात आणि त्यालाच गवळण म्हणतात. आमच्या पोरीच्या गवळणी कुणाशी भांडतायत ते दिसायचं! एक ताक घुसळतेय, एक जात्यावर बसून शेजारणीकडं तिरकं बघतेय, एकीच्या कडेवरचं पोर रडतंय. डोळ्यांना ज्वारीचे दाणे, गळ्यात करडईची माळ. एका वर्षी तुम्ही पेंद्यापुढं थांबलात आणि म्हणालात, "वैशे, ह्येचं प्वाट आपल्या तात्यासारखं झालंय." तात्या मागंच उभे होते. ते पाडव्यापर्यंत आपल्या दारात आले नाहीत.

आणि मग गेल्या आषाढातली ती सकाळ. घरात कोंडल्यासारखं होतं म्हणून तुमची बाज गोठ्यात टाकली होती. मी पलीकडं धार काढत होते. तुम्ही छताकडं बघत म्हणालात, "चंद्रे, वैशूचा हात लई चांगला हाय. तिला त्याच कामाचं शिकवाय पायजे. सरकारी बघा म्हणावं, स्वस्तातलं बघा, पर दुसऱ्या कशात कोंबू नका पोरीला." मी धार काढता काढता "हूं" म्हटलं. तेही म्हशीलाच! मग मी दूध घेऊन आत गेले. त्यानंतर आठवडाभरात तुम्ही गेलात.

आता सांगा, हे मी कुणाला सांगू? "तुला सांगितलं का आबांनी?" नाही. "मग कुणाला?" म्हशीला! गावभर फजिती झाली असती. म्हणून गप्प बसले आणि ह्यांच्या मागं लागले, की तुम्ही फक्त कॉलेज शोधा.

तुमचे धाकटे चिरंजीव कसे आहेत ते तुम्हाला माहीतच आहे. सांगितलं तेवढं करतात, पण मन लावून करतात. पुण्याच्या एका कॉलेजची जाहिरात मोबाईलवर दिसली, तिथं ह्यांनी फोन लावला. तिकडून एक बाई इतकं गोड बोलली की ह्यांनी फोनवरच शर्टाची वरची गुंडी लावली! भारतीय परंपरा, आधुनिक डिझाइन, परदेशी दौरा, सगळं सांगून झाल्यावर तिनं फी सांगितली. ह्यांनी खिसा चाचपला. मग म्हणाले, "मॅडम, कॉलेज इकत न्हाई घ्यायचं आमाला. पोरगी शिकायला घालायचीय फक्त." बाईनं फोन ठेवला. ह्यांनी गुंडी काढली.

मग बीडला एक जागा बघायला तिघं गेलो. खाली टायरचं दुकान, वर कॉलेज. टाय घातलेला पोरगा म्हणाला, "ट्रॅडिशनल आर्ट पण आहे आमच्याकडे. कॉम्प्युटरवर. माउस धरता आला की झालं." वैशू म्हणाली, "आणि हातानं?" तो म्हणाला, "हाताचं काय काम?" वैशू उठलीच. मी तिच्या मागं, हे माझ्या मागं. जिन्यात ह्यांना टायरचा भाव विचारायची हुक्की आली, तेवढाच काय तो उशीर झाला.

शेवटी शाळेतले चित्रकलेचे सर धावून आले. त्यांनी सांगितलं की संभाजीनगरला एक जुनं अनुदानित कला महाविद्यालय आहे. फी आपल्याला झेपेल अशी, मुलींचं वसतिगृह आहे, आणि मूर्तिकामही शिकवतात. वैशूनं प्रवेश परीक्षा दिली. गुण काठावरचे पडले. तिथून निरोप आला, की स्वतः केलेलं काम घेऊन भेटायला या, ते बघून ठरवू.

स्वतः केलेलं काम! चित्रांच्या वह्या होत्या, पण पोरगी म्हणाली, "आई, चित्रं सगळेच नेतील. मी गवळणी नेणार." आता गवळणी असतात दिवाळीत, आणि तुमच्या दुखवट्यामुळं गेल्या दिवाळीला आपण घातल्याच नव्हत्या. मग काय, भर उन्हाळ्यात आमच्या दारात दिवाळी! येणारी-जाणारी प्रत्येक बाई विचारायची, "सुरेखा, कॅलेंडर उलटं लावलंस का गं?" वैशूनं सगळं गोकुळ केलं. कृष्ण, पेंद्या, गवळणी, गाय-वासरू, वर आपली चंद्रीसुद्धा. वाळवून, पोत्यात गुंडाळून, पाऊस लागू नये म्हणून गोठ्यातल्या कोरड्या कोपऱ्यात ठेवलं. गोवऱ्यांच्या शेजारी.

आबा, तुमच्या लक्षात आलंच असेल.

संभाजीनगरला जायच्या आदल्या दिवशी जाऊबाईंचे भाऊ आले. तेच, कॉलेजवाले! बायकापोरांसकट, मुक्कामाला. सकाळी सगळ्यांना आंघोळीला पाणी पाहिजे. जाऊबाई गोठ्यात गेल्या, पोत्यातून दोन पाट्या भरून आणल्या आणि चुलवणात घातल्या. मी बघितलं तोवर कृष्ण अर्धा गेला होता, पेंद्याचं पोट तेवढं धुमसत होतं. आणि मेव्हणे न्हाणीतून ओरडतायत, "ताई, पानी लई झ्याक तापलंय!"

मी काय काय बोलले ते इथं लिहीत नाही, तुम्ही मोठे आहात. जाऊबाई म्हणाल्या, "मला काय ठावं? मला वाटलं गवऱ्या हायेत." आबा, गोवरीला डोळे असतात का हो? ज्वारीचे? मला तर वाटलं, हे मुद्दाम केलं. भावाचं कॉलेज भरायला पोरीचं गोकुळ जाळलं!

वैशू बाहेर आली, तिनं चुलीत वाकून बघितलं आणि माझ्याकडं वळली. मला वाटलं आता ही भोकाड पसरणार. तर म्हणते, "आई, गवळणी जाळायच्याच असतात. रथसप्तमीला त्यांच्यावर दूध उतू घालतो ना आपण? ह्या जरा लवकर जळाल्या." आणि रंगाचा रिकामा डबा घेऊन गाईच्या मागं जाऊन उभी राहिली. मी विचारलं, "आता काय करायलीस?" म्हणाली, "ताजं शेण नेते. तिथंच करून दाखवते. शहरात शेण कुठं शोधत बसू?"

तर आबा, त्याच सकाळी तुमची सून आणि नात झाकणाच्या डब्यात शेण घेऊन एसटीत बसल्या. ह्यांना पेरणी सोडता येईना, त्यामुळं आम्ही दोघीच. डब्यावर ओलं फडकं घातलं होतं. पण वास काय फडक्याला जुमानतो? कंडक्टर दोनदा पुढं-मागं करून माझ्याजवळ थांबला. "ताई, काय हाय डब्यात?"

मी म्हटलं, "शेण."

"शेण? कावून?"

"कॉलेजच्या ॲडमिशनसाठी."

गाडीत सामसूम. मग मागच्या सीटवरचे एक म्हातारबुवा म्हणाले, "काय काय मागाया लागले बे हे कॉलेजवाले! आमच्या नातवाला नुसता टीसी मागितला होता." पुढची बाई वळून म्हणाली, "गाईचंच लागतं का म्हशीचं चालतं?" मी समजावून सांगायला गेले, पण कुणी ऐकेल तर ना! बीड येईपर्यंत अर्ध्या गाडीचं ठरलं होतं, की सरकारनं शेतकऱ्याच्या पोरांसाठी नवीन नियम काढलाय. उतरताना त्या बाईनं माझा हात धरून विचारलं, "ओलंच न्यायचं ना?" मी हो म्हटलं. काय करणार? आता एखादी माउली कुठल्यातरी कॉलेजच्या दारात डबा घेऊन उभी असेल, तर ते पाप माझं.

कॉलेजात एक मॅडम होत्या. माझ्याच वयाच्या, पण केस कापलेले, हाताला माती. त्यांनी वैशूच्या वह्या चाळल्या आणि "बरं आहे" म्हणाल्या. आपण पाहुण्यांच्या भाजीला म्हणतो तसलं "बरं". वैशू म्हणाली, "मॅडम, मी इथं खाली बसू का?" आणि बसलीच. पदवीधर लोकांच्या व्हरांड्यात, फरशीवर, डबा उघडून! दोन पोरं नाक दाबून पळाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग तिचे हात चालायला लागले आणि मी लाज विसरून गेले. रोज बघते मी ते, पण घरी माझं लक्ष चुलीवर असतं. तिथं मला दुसरं कामच नव्हतं. चिमूटभर शेण घेऊन अंगठ्यानं एक दाब दिला की नाक, नखानं एक रेघ ओढली की पदर. एक बाई बसली, गुडघ्यावर हनुवटी टेकवून, कुणाची तरी वाट बघत. आबा, मला त्या शेणाच्या बाईची माया आली हो! ती कुणाची वाट बघत होती ते मला विचारावंसं वाटलं.

मॅडम शेजारी उकिडव्या बसल्या. म्हणाल्या, "छान आहे. पण हे टिकणार किती?"

वैशू म्हणाली, "टिकवायचं नसतं, मॅडम. जाळायचं असतं. पुढल्या वर्षी परत करायचं."

"मग तुला इथं काय शिकायचंय?"

पोरगी थांबली. मी मनात म्हटलं, आता काहीतरी छान बोल गं बाई, पाठ केलेलं बोल. ती म्हणाली, "माझ्या बायका बसतात, पण उभ्या केल्या की पडतात. उभी कशी करायची ते शिकायचंय."

मॅडम हसल्या. हात पुसून म्हणाल्या, "आत तार घालावी लागते. शिकवू. माती, प्लास्टर, लाकूड, सगळं करावं लागेल. नुसतं शेण चालणार नाही." वैशू म्हणाली, "चालंल." ऑफिसात फी विचारली. मी दोनदा विचारलं, "महिन्याची का वर्षाची?" वर्षाची! मी तिथंच देवाला हात जोडले आणि शिपायानं मला पाणी दिलं. फक्त मुदत फार थोडी. श्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी भरायची, नाहीतर जागा पुढच्या पोराला.

म्हणजे उद्या, आबा.

आणि घरचा पैसा भाऊजींच्या हातात. शेती एकत्र, सोयाबीनचं, कापसाचं सगळं त्यांच्याकडं. तुम्हीच तशी घडी बसवून गेलात. ह्यांनी आठवडाभर "आज विचारतो, उद्या विचारतो" केलं. आज पंगत उठल्यावर, सगळी भावकी अंगणात पान खात बसलेली असताना, भाऊजींनीच विषय काढला. म्हणाले, "आबाच्या वर्साला सगळ्यांसमोर सांगतो. वैशूची शीट मेव्हण्याच्या कॉलेजात पक्की केली. आबाची शेवटची इच्छा होती ती. मन शांत झालं आसंल त्यांचं."

मेव्हणे मान हलवत होते. हे जमिनीकडं बघत होते. वैशू पाण्याची कळशी घेऊन उभी होती, ती तशीच उभी राहिली. तिचा चेहरा मी बघितला आणि मला काय झालं मला माहीत नाही. मी उंबऱ्यात होते. म्हटलं, "नव्हती."

सगळ्यांची तोंडं माझ्याकडं. तात्यांचं पान तोंडातच थांबलं. भाऊजी म्हणाले, "काय म्हणालीस?"

"आबांची ती इच्छा नव्हती. वैशूला तिच्या हातच्या कामाचंच शिकवा म्हणाले होते. सरकारी बघा, स्वस्तातलं बघा, पण दुसऱ्या कशात कोंबू नका."

"तुला म्हणाले? तू कदी बोललीस गं आबाशी? एक शबुद तरी?"

बोलले नव्हतेच. झालं, म्हटलं, संपलं सगळं.

तेवढ्यात मागून आवाज आला. "चंद्रीला म्हणाले होते. मी बी ऐकलंय."

जाऊबाई! हातात खरकट्या पत्रावळ्या तशाच. सख्खा भाऊ समोर, नवरा समोर. डोक्यावरचा पदर तेवढा घट्ट धरला होता त्यांनी. "ही दूध घेऊन आत गेलती. मी मागं कडबा घालत होते. हिनं ऐकलं ते आधलं हाय. पुढलं मी ऐकलंय."

भाऊजी म्हणाले, "आन् वरीसभर गप का बसलीस?"

"माझा भाऊ हाय तो," त्या म्हणाल्या. "म्हणून गप बसले."

मग भावकीत वाद! म्हशीला सांगितलेली इच्छा धरायची का नाही? एक म्हणे, म्हशीची साक्ष कुठं चालते का? दुसरा म्हणे, साक्ष म्हशीची नाही, दोन बायांची आहे. एकानं तर चंद्रीला अंगणात आणायचं सुचवलं! शेवटी तात्यांनी पान थुंकलं आणि म्हणाले, "आबा मला वळखू येत होता. मानसाशी तो चार गोष्टी इकडच्या तिकडं करायचा. म्हशीशी कदी खोटं बोलला न्हाई." मग जाऊबाईंकडं वळून म्हणाले, "पुढलं काय ऐकलंस, ते सांग."

जाऊबाई माझ्याकडं बघत नव्हत्या. त्या म्हणाल्या, "म्हणाले, 'चंद्रे, ह्या पोरीचं काय करायचं ते धाकलीला इचारा म्हणावं. तिला कळतं. घरात सगळ्यांत जास्त तिलाच कळतं.'"

आबा!

मी तिथंच उंबऱ्यावर बसले. सगळ्यांसमोर रडले. पदरात तोंड घालून नाही, चांगलं मोकळं रडले. एवढं तुमच्या मनात होतं, तर मला सांगायला काय झालं होतं? एकदा, फक्त एकदा, माझ्या तोंडावर म्हणाला असता! इतकी वर्षं मला वाटायचं, या घरात माझं मिठापुरतंच नाव निघतं. तुम्ही फार वाईट केलंत. आणि फार बरंही केलंत. तुमच्यावर रागवावं का तुमच्या पाया पडावं ते मला अजून कळत नाही.

भाऊजी उठून उभे राहिले. मग टोपी झटकून डोक्यावर घातली आणि ह्यांना म्हणाले, "उद्या पहिल्या गाडीनं जा. फी भरून ये. पावती मला दाखवाय आणू नको, धाकलीला दे." आणि मेव्हण्यांना सोडायला फाट्यापर्यंत गेले. वाईट नाहीत हो ते. तुमच्या जागी बसायला गेले आणि ती जागा त्यांना जरा मोठी पडली, एवढंच.

जाऊबाईंनी गवळणी मुद्दाम जाळल्या का चुकून, ते मी विचारणार नाही. न्हाणीतून आवाज येतोय, त्यांनी भांडी घासायला घेतली वाटतं. मला गेलं पाहिजे.

आता वचन. तुम्ही मागितलं नाहीत, पण मी देते. वैशूचं शिक्षण पुरं होईपर्यंत फी वेळेवर जाईल, कापूस पिको न पिको. कर्ज न काढता जाईल, कारण तुम्ही स्वस्तातलं बघा म्हणाला होता आणि आम्ही स्वस्तातलंच बघितलंय. आजच पंगतीत नांदूरघाटच्या एका बाईनं वैशूकडं बघून माझ्या कानात स्थळ सांगितलं. पोरगा चांगला आहे, पाच एकर बागायत, म्हणाली. मी फक्त मान हलवली, श्राद्धाचा दिवस म्हणून. पण वैशूची उभी बाई उभी राहीपर्यंत या घरात कुणी स्थळाचं नाव काढलं, मग ते भाऊजी असोत, हे असोत, का तात्या, तर मी अंगणाच्या मधोमध उभी राहून बोलेन. मोठ्यानं बोलेन. मला आता येतं.

तुमची,
जिला कळतं ती,
सुरेखा